पक्ष्यांतले जिवाणू मॅल्डीवर ओळखायचे तर

प्रयोगशाळेत नवीन आलेला पशुवैद्यक आधी मॅल्डी-टॉफ यंत्राकडे (जिवाणूच्या प्रथिनांच्या वजनावरून त्याचे नाव सांगणारे यंत्र) धावतो आणि ब्लड अगारच्या (रक्त घातलेल्या, जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटकडे नंतर बघतो. मी उलट्या क्रमाने शिकवते. कॉलनी (प्लेटवर उगवलेला जिवाणूंचा ठिपका) यंत्राच्या स्टीलच्या प्लेटवरच्या स्पॉटवर लावल्यापासून पडद्यावर नाव येईपर्यंत काही मिनिटे पुरतात. त्या नावाला अर्थ आहे की नाही, हे मात्र कॉलनी कुठल्या पक्ष्याच्या कुठल्या अवयवातून आणि मेल्यावर किती तासांनी काढली यावर ठरते. मेलेल्या कोंबडीच्या आतड्यातून ई. कोलाय काढून तिच्यावर यंत्राचे उत्तम गुण (ओळख किती पक्की याचा आकडा) मिळवता येतात, पण धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही ती असतेच. शेतकऱ्याला त्या कागदाचा काडीचा उपयोग नाही.

मी पुणे परिसरातल्या एका निदान प्रयोगशाळेत बसते. येणारे नमुने बहुतेक लेयर (अंड्यांच्या) आणि ब्रॉयलर (मांसाच्या) फार्मवरचे, अधूनमधून कुणाची कबुतरे, गावरान कोंबड्या, क्वचित बदके. यंत्र तुमच्या हाताशी असो किंवा नमुना दुसरीकडे पाठवायचा असो, पुढचे सगळे दोघांनाही लागू आहे.

पक्षी उघडण्याआधी

"मॅडम, मर लागली" असा फोन आला की मी आकडे विचारते. परवा किती, काल किती, आज किती. एका रात्रीत पक्ष्यांचा खच पडला असेल, तुरे निळे झाले असतील, तोंडे सुजली असतील, पायांवर रक्ताळ डाग असतील, तर त्या दिवशी सुरी हातात घ्यायची नाही. मानमोडी (राणीखेत) आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे करता येत नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू नोंदला गेला, तेव्हापासून यात चालढकल करण्याची सोय राहिलेली नाही. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. तिथून पुढे पुण्यातल्या औंधचा रोग अन्वेषण विभाग आणि भोपाळची उच्च सुरक्षा पशुरोग संस्था असा नमुन्याचा रस्ता ठरलेला आहे. जिवाणू शोधायचे काम त्यानंतरचे.

मेलेला मोर कुणी भल्या मनाने पोत्यातून आणून दिला तरी घेऊ नका. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला पक्षी आहे. वन विभागाच्या पत्राशिवाय त्याला हात लावायचा नाही.

पोपट आणि कबुतरे उघडायची असतील तर एन-९५ मास्क आणि बायोसेफ्टी कॅबिनेट लागतेच. त्यांच्यातून माणसाला होणाऱ्या सिटाकोसिसचा जंतू, क्लॅमिडिया सिटासी, फक्त जिवंत पेशींच्या आत वाढतो. अगारवर तो उगवत नाही, म्हणून मॅल्डीवरही दिसत नाही. "मॅल्डीवर काही आले नाही" याचा अर्थ "सिटाकोसिस नाही" असा कुणी लावला तर ते धोक्याचे आहे. त्याला पीसीआरच (जंतूचे जनुक शोधणारी चाचणी) हवी.

कुठला पक्षी, कुठला अवयव

फार्मवाले बहुतेकदा सकाळी शेडमध्ये जो सापडला तो मेलेला पक्षी उचलतात. तो रात्री कधी मेला हे कुणालाच माहीत नसते. एप्रिल-मे महिन्यात तर काही तासांत आतड्यातले जिवाणू यकृतापर्यंत पोहोचतात, आणि मग यकृताच्या प्लेटवर ई. कोलाय, प्रोटियस, एन्टरोकॉकस यांची जत्रा भरते. म्हणून माझा आग्रह असतो की लक्षणे दाखवणारे दोन-तीन जिवंत पक्षी आणा आणि सोबत नुकतेच मेलेले दोन-तीन. मेलेले बर्फावर, पण बर्फात गोठवून नको. आणि औषध सुरू करण्याआधी आणा. "पाण्यातून काय चालू आहे?" या प्रश्नाला "काही नाही" असे उत्तर आले तर पावडरचे पाकीटच दाखवायला सांगा. चार दिवस एन्रोफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक पोटात गेलेल्या पक्ष्यातून काही उगवले नाही, तर दोष यंत्राचा नसतो.

पक्षी शिळा असेल आणि दुसरा मिळणारच नसेल, तर मांडीचे हाड फोडून मज्जा घ्या. आतड्यातले जिवाणू तिथे सगळ्यात उशिरा पोहोचतात. यकृत किंवा हृदयातून घेताना तापवून लाल केलेला स्पॅट्युला पृष्ठभागावर टेकवायचा, तो भाग करपला की त्यातून लूप किंवा स्वॅब आत घालायचा. करपवण्याचा हा अर्धा मिनिट वाचवला की पुढे अनोळखी कॉलन्यांवर दोन दिवस जातात.

अवयव तक्रारीनुसार निवडायचा. तोंड सुजले असेल तर डोळ्याखालच्या सायनसमधला स्राव, नाकातला नको, कारण नाकात काहीही असते. अंडी कमी झाली आणि पोट भरलेले दिसले तर अंडाशय, अंडवाहिनी आणि पोटाच्या पोकळीतला स्राव. ब्रॉयलर पाठीवर रेलून बसत असतील, पाय पुढे टाकत असतील, तर छातीच्या भागातला मोकळा मणका उघडा. तिथे पू सापडला की एन्टरोकॉकस सेकोरमचा संशय घ्यायचा. एक-दोन दिवसांच्या पिलांची बेंबी पिकली असेल तर पिवळ्या बलकाची पिशवी. लंगड्या पक्ष्याचा सांधा बाहेरून नीट पुसून आतला द्रव सुईने ओढायचा.

प्लेट

प्रत्येक नमुन्याला मेंढीच्या रक्ताचा ब्लड अगार आणि मॅकॉन्की (आतड्यातल्या जिवाणूंसाठीचा अगार) लावायचे, श्वसनाच्या नमुन्याला जोडीला चॉकलेट अगार (रक्त तापवून केलेला). तापमान ३७ अंश. ब्लड आणि चॉकलेट कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवायचे. कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर नसेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत मेणबत्ती लावून ठेवली तरी बहुतेकांचे भागते. २४ तासांनी प्लेट बघायची पण फेकायची नाही. ऑर्निथोबॅक्टेरियम हा श्वसनरोगाचा जिवाणू, ज्याला आम्ही ओआरटी म्हणतो, ४८ ते ७२ तास घेतो आणि पहिल्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढाही दिसत नाही. एक दिवसाने प्लेट टाकून देणाऱ्या प्रयोगशाळेत ओआरटी कधीच "सापडत नाही".

कॉलनी निवडताना आधी मोजा, मग उचला. यकृतातून एकाच प्रकारच्या भरघोस कॉलन्या आल्या तर त्याला अर्थ आहे. पाच प्रकारच्या चार-चार कॉलन्या आल्या तर ती बहुधा मेल्यानंतरची घुसखोरी. मिश्र प्लेटवरून थेट स्पॉट लावू नका, एकदा शुद्ध करून घ्या. एका स्पॉटवर दोन जिवाणू गेले तर यंत्र बहुधा जोरकस असलेल्याचे नाव सांगते किंवा काहीच सांगत नाही. दोन्ही उत्तरे गोंधळात टाकतात.

स्पॉटसाठी कॉलनी ताजी हवी, १८ ते २४ तासांची, आणि शक्यतो ब्लड अगारवरची. शुक्रवारची प्लेट फ्रिजमध्ये ठेवून सोमवारी लावण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. ती मोडा. का, हे यंत्र काय मोजते ते कळले की आपोआप पटेल.

यंत्र नेमके काय बघते

स्टीलच्या प्लेटवर जिवाणू लावतो, त्यावर मॅट्रिक्सचा थेंब टाकतो. मॅट्रिक्स म्हणजे अल्फा-सायनो-४-हायड्रॉक्सीसिनॅमिक आम्ल. ते वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि जिवाणूची प्रथिने त्यात अडकतात. निर्वातात त्यावर लेझरचा मारा होतो (नायट्रोजन लेझर असेल तर ३३७ नॅनोमीटरचा), मॅट्रिक्स ती ऊर्जा शोषून उडून जाते आणि जाताना प्रथिनाला एक धन प्रभार देऊन सोबत नेते. विद्युत दाबाखाली ही प्रथिने नळीतून पळतात. हलकी लवकर पोहोचतात, जड उशिरा. २० किलोव्होल्टला १०,००० डाल्टनचे (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) प्रथिन एक मीटर अंतर सुमारे ५० मायक्रोसेकंदांत कापते. पोहोचण्याच्या वेळेवरून वस्तुमान काढायचे, आणि २,००० ते २०,००० डाल्टनमधल्या सगळ्या शिखरांचा आलेख लायब्ररीतल्या आलेखांशी ताडून बघायचा. इतकेच. मोठी प्रथिने न तोडता अशी उडवता येतात हे जपानमधल्या कोइची तानाका यांनी दाखवले आणि त्यांना २००२ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आज आपण वापरतो ती मॅट्रिक्सची पद्धत मात्र मुख्यत्वे जर्मनीतल्या फ्रांझ हिलेनकांप आणि मिशाएल कारास यांची.

आलेखातली बरीचशी ठळक शिखरे रायबोसोममधल्या (पेशीत प्रथिने बनवणाऱ्या कणांमधल्या) प्रथिनांची असतात. ती विपुल असतात, आकाराने या टप्प्यात बसतात आणि अल्कधर्मी असल्यामुळे प्रभार सहज घेतात. जोमाने वाढणारी पेशी रायबोसोमनी भरलेली असते, म्हातारी होत चाललेली पेशी ती मोडून खाते. म्हणून सोमवारची शिळी प्लेट नको. कॅम्पायलोबॅक्टर तर यात फारच नाजूक, दोन-तीन दिवसांत त्याच्या वळणदार पेशी गोल होऊ लागतात आणि आलेख फिका पडतो.

स्पॉट लावणे

माझ्याकडे लाकडी टूथपिक वापरतात, निर्जंतुक केलेल्या. प्लास्टिकच्या लूपने नवशिका माणूस हमखास जास्त माल उचलतो, आणि जाड थर हे अपयशाचे पहिले कारण. कॉलनीला टूथपिकचे टोक टेकवायचे आणि स्पॉटवर गोल फिरवत पसरायचे. आरशावर श्वास सोडल्यावर जेवढे धुरकट दिसते तेवढेच दिसायला हवे. दाणा किंवा उंचवटा दिसला तर तो स्पॉट सोडून पुढच्यावर लावा.

त्यावर ७० टक्के फॉर्मिक आम्लाचा १ मायक्रोलिटर, वाळू द्यायचा. मग मॅट्रिक्सचा १ मायक्रोलिटर, तोही वाळू द्यायचा. फॉर्मिक आम्लाची पायरी पुस्तकात ऐच्छिक लिहिलेली असते. ई. कोलायला ती खरोखरच नको. स्टॅफिलोकॉकस, एन्टरोकॉकस यांच्या जाड भिंतीसाठी हवी. मी सगळ्यांनाच लावायला सांगते, कारण प्लेटवर ग्रॅम पॉझिटिव्ह (असा जाड भिंतीचा) कोण हे आधीच ठाऊक असते तर यंत्र कशाला घेतले असते? प्रत्येक कॉलनीचे दोन स्पॉट लावायचे आणि कुठल्या स्पॉटवर काय लावले ते लावतानाच कागदावर लिहायचे. लक्षात ठेवतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मॅट्रिक्स ५० टक्के ॲसिटोनायट्राइल आणि २.५ टक्के ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्लात विरघळवलेले असते. फॉर्मिक आणि ट्रायफ्लुरोॲसेटिक, दोन्ही आम्ले कातडी जाळतात. हातमोजे घाला आणि फ्यूम हूडमध्ये काम करा. मॅट्रिक्सवर झाकण लावा, उजेडात ठेवू नका. बाटली उघडी राहिली की द्रावक उडतो आणि प्रमाण बिघडते. पावसाळ्यात हवेत ओल असली की स्पॉट वाळता वाळत नाहीत आणि स्फटिक ओबडधोबड होतात. खोलीचा एसी यासाठी चालू ठेवायचा, माणसांच्या सुखासाठी नाही. आणि वीज जाण्याची खात्री असलेल्या गावात यंत्राआधी यूपीएस घ्या, कारण निर्वात एकदा गेला की पुन्हा तयार होईपर्यंत हात बांधून बसावे लागते.

थेट लावून जमले नाही तर अर्क काढायचा. लहान नळीत ३०० मायक्रोलिटर पाणी, त्यात एक-दोन चांगल्या कॉलन्या ढवळायच्या, वर ९०० मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉल. सेंट्रिफ्यूज १३,००० फेऱ्यांवर दोन मिनिटे, वरचे ओतून द्यायचे, पुन्हा फिरवून उरलेला थेंब न थेंब पिपेटने काढायचा आणि गाळ वाळू द्यायचा. गाळाच्या आकाराप्रमाणे ७० टक्के फॉर्मिक आम्ल, १० ते ५० मायक्रोलिटर, नीट मिसळून तेवढेच ॲसिटोनायट्राइल. पुन्हा दोन मिनिटे फिरवायचे. वरच्या द्रावाचा १ मायक्रोलिटर स्पॉटवर, वाळल्यावर मॅट्रिक्स. इथेनॉलचा अंश राहिला तर सगळे फुकट, म्हणून वाळवण्याची घाई नको. मायकोबॅक्टेरियमसाठी हा अर्क पुरत नाही. पक्ष्यांच्या क्षयाचा मायकोबॅक्टेरियम एव्हियम आधी उष्णतेने मारायचा आणि मणी घालून फोडायचा, आणि ते काम ज्यांची तशी सुरक्षित खोली आहे त्यांनीच करायचे.

प्रत्येक फेरीत दोन स्पॉट बॅक्टेरियल टेस्ट स्टँडर्डचे (यंत्र तपासायच्या तयार नमुन्याचे). तो ई. कोलायचा अर्क असतो आणि त्यात वरून दोन प्रथिने घातलेली असतात, आरएनएज-ए (१३,६८३ डाल्टन) आणि मायोग्लोबिन (१६,९५२ डाल्टन). आलेखाचे जड टोक जागेवर आहे ना हे या दोन शिखरांवरून कळते. शिवाय एक स्पॉट फक्त मॅट्रिक्सचा. त्यावर एखाद्या जिवाणूचे नाव आले तर स्टीलची प्लेट नीट धुतलेली नाही. धुणे म्हणजे ७० टक्के इथेनॉलने पुसणे, पाण्याने धुणे, मग ८० टक्के ट्रायफ्लुरोॲसेटिक आम्लाचा पातळ थर देऊन पुन्हा धुऊन वाळवणे.

गुण कसे वाचायचे

बायोटायपर या एका कंपनीच्या पद्धतीत ० ते ३ मधला गुण येतो. २.००० आणि वर हिरवा, प्रजातीवर भरवसा ठेवता येतो. १.७०० ते १.९९९ पिवळा, फार तर वंशापर्यंत. त्याखाली लाल, ओळख नाही. वायटेक एमएस या दुसऱ्या पद्धतीत गुणांऐवजी टक्केवारी येते. दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळवत बसू नका.

लोक पहिली ओळ वाचतात आणि थांबतात. पहिल्या दहा ओळी वाचायच्या. दहाही ठिकाणी एकच प्रजाती असेल तर निश्चिंत. पहिल्या नावानंतर लगेच वेगळी प्रजाती असेल आणि दोघींच्या गुणांत ०.२ चाही फरक नसेल, तर मी प्रजातीचे नाव कागदावर देत नाही, वंशावर थांबते. दोन स्पॉटची उत्तरे वेगळी आली तर पुन्हा शुद्ध करून लावायचे. आणि ग्रॅम रंगाची (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची) काच बाजूला ठेवलेली असावी. पडद्यावर स्टॅफिलोकॉकस (जो जांभळा आणि गोल दिसायला हवा) आणि काचेवर गुलाबी काड्या असतील, तर काचेचे ऐका.

लाल उत्तर आल्यावर घाबरायचे नाही. आलेख उघडून बघायचा. शिखरेच नसतील तर दोष स्पॉटचा, पुन्हा लावा किंवा अर्क काढा. शिखरे उत्तम आहेत आणि तरी नाव नाही, तर तो जिवाणू लायब्ररीत नाही. या लायब्ऱ्या मुख्यत्वे माणसांच्या रुग्णालयांसाठी बांधल्या गेल्या. पक्ष्यांच्या जिवाणूंचे आलेख त्यात आहेत, पण कित्येकांचे मोजकेच.

हमखास येणारे जिवाणू आणि त्यांच्या खोड्या

साल्मोनेला. यंत्र वंश सांगते आणि तिथेच थांबते. पिलांच्या पांढऱ्या हगवणीचा पुलोरम, मोठ्या कोंबड्यांचा गॅलिनेरम, आणि अंड्यातून माणसाला बाधणारा एन्टेरिटिडिस, हे सगळे एकाच प्रजातीचे सेरोव्हार (पृष्ठभागावरच्या खुणांनी वेगळे होणारे पोटप्रकार) आहेत. रोजच्या मॅल्डीवर ते वेगळे होत नाहीत. फार्मच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न हाच असतो. हालचाल तपासा, कारण पुलोरम आणि गॅलिनेरम दोन्ही हलत नाहीत. मग डल्सिटॉल (शर्करेसारखा पदार्थ) आणि ऑर्निथीन (अमिनो आम्ल) यांच्या चाचण्या लावा. गॅलिनेरम डल्सिटॉल आंबवतो आणि ऑर्निथीन मोडत नाही, पुलोरमचे बरोबर उलटे. पक्के सेरोटायपिंग हवे असेल तर बरेलीजवळ इज्जतनगरला राष्ट्रीय साल्मोनेला केंद्र आहे.

ई. कोलाय. पडद्यावर कधी शिगेलाचे नाव शेजारी दिसते, कारण या दोघांना मॅल्डी नीट वेगळे करत नाही. कोंबडीच्या हृदयावरणातून शिगेला लिहून पाठवू नका. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रोगकारक ई. कोलाय आणि आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय यांतला फरक यंत्राला दिसत नाही. तो हवा असेल तर आयएसएस, आयआरओएन, एचएलवायएफ यांसारख्या जनुकांची पीसीआर लागते, आणि नसेल तर निदान अवयव कुठला होता हे कागदावर ठळक लिहा.

कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी. लेयर फार्मवरचा हा नेहमीचा. तोंडे सुजलेली, नाकातून वास येणारा स्राव, अंडी घसरलेली. तिच्या जिवाणूला, एव्हिबॅक्टेरियम पॅरागॅलिनेरमला, वाढायला एनएडी (पेशीतले एक सहविकर) लागते, आणि मेंढीच्या कच्च्या रक्तातले विकर ती फस्त करते. म्हणून सायनसचा स्राव ब्लड अगारवर पसरून मधोमध एनएडी पुरवणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची एक रेघ ओढायची. रेघेच्या कडेने दुसऱ्या दिवशी दवासारख्या बारीक कॉलन्या येतात. स्पॉट लावताना टूथपिक रेघेला लागली तर उत्तर अर्थातच स्टॅफिलोकॉकस येणार, तेव्हा या कॉलन्या चॉकलेट अगारवर घेऊन मग लावा. दक्षिण आफ्रिकेत एनएडीशिवाय वाढणारे वाणही सापडले आहेत, म्हणजे कडेला कॉलन्या नाहीत म्हणून कोरायझा नाही असे म्हणता येत नाही. प्रजाती कळली तरी पेज यांच्या वर्गीकरणातल्या ए, बी, सी यांपैकी सेरोव्हार कुठला हे मॅल्डी सांगत नाही. लस ठरवायची तर तेच हवे असते, म्हणून तो वाण जपून ठेवून पुढे पाठवायचा.

अंडवाहिनीतला गॅलिबॅक्टेरियम. पोटात अंडे फुटून मेलेल्या लेयरमध्ये सगळे ई. कोलायकडेच बघतात, कारण मॅकॉन्कीवर गुलाबी कॉलन्या ढीगभर असतात. त्याच नमुन्याच्या ब्लड अगारवर नीट बघा. राखाडी, गुळगुळीत, भोवती रक्त स्वच्छ विरघळलेले रुंद कडे, अशा कॉलन्या दिसल्या तर त्या गॅलिबॅक्टेरियम अनॅटिसच्या असू शकतात. हा वंश स्वतंत्र म्हणून २००३ मध्ये मांडला गेला. जैवरासायनिक चाचण्यांच्या कुप्यांवर हा फार छळायचा. मॅल्डीवर तो पटकन येतो, आणि यंत्राचे पैसे वसूल झाले असे मला वाटते ते अशा वेळी.

पाश्चुरेला मल्टोसिडा (कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जिवाणू) सोपा आहे. मोठे पक्षी अचानक मरतात, यकृतावर पांढरे ठिपके, मॅकॉन्की कोरी, ब्लड अगारवर चिकट कॉलन्या, गुण चांगले. यकृताच्या काचेवर घेतलेल्या ठशावर दोन टोकांना रंग घेणाऱ्या काड्या आदल्याच दिवशी दिसलेल्या असतात.

ओआरटीची गोष्ट वर आलीच. तो बहुधा जेंटामायसिनला दाद देत नाही, त्यामुळे जेंटामायसिन घातलेल्या ब्लड अगारवर ई. कोलायची गर्दी हटवून त्याला जागा करून देता येते.

सांध्यातले स्टॅफिलोकॉकस. ऑरियस बिनतक्रार ओळखला जातो. लंगड्या ब्रॉयलरमधला अग्नेटिस आणि त्याचा जवळचा भाऊ हायिकस यांच्यात मात्र घोळ होतो. तिथे "अग्नेटिस/हायिकस" असे दोन्ही लिहिणे हेच प्रामाणिक उत्तर, पक्के हवे तर जनुकाचा क्रम काढावा लागतो. कबुतरांत अचानक मर आणि यकृतातून शुद्ध स्ट्रेप्टोकॉकस आला, तर गॅलोलिटिकसची अपेक्षा ठेवा.

मायकोप्लाझ्माच्या मागे मॅल्डी घेऊन लागू नका. त्याची वाढ इतकी थोडी आणि इतकी सावकाश की पीसीआर कधीच पुढे निघून जाते.

कागदावर काय लिहायचे

शेतकरी फक्त औषधाचे नाव शोधतो. मॅल्डी ते देत नाही. संवेदनक्षमतेची (कुठले औषध लागू पडते ते बघायची) प्लेट त्याच शुद्ध कॉलनीवरून त्याच दिवशी लावा, म्हणजे नावाच्या पाठोपाठ दुसऱ्या दिवशी तेही कळते. तिच्यासाठी औषधांच्या तबकड्या निवडताना कोलिस्टिन हे प्रतिजैविक विसरा. जुलै २०१९ पासून खाद्यप्राण्यांसाठी त्यावर देशात बंदी आहे, आणि तरी ते लिहून मागणारे भेटतात.

अहवालात मी चार गोष्टी एका ओळीत देते: अवयव, वाढ शुद्ध की मिश्र आणि किती, प्रजाती, गुण. "लेयर, ४५ आठवडे, अंडवाहिनी, भरपूर शुद्ध वाढ, गॅलिबॅक्टेरियम अनॅटिस, दोन्ही स्पॉट २.० च्या वर." वाचणाऱ्या पशुवैद्यकाला यातून स्वतःचे मत बनवता येते. नुसते नाव दिले तर तो आपल्या मतावर अवलंबून राहतो, आणि आपण शेड बघितलेली नसते.

स्वतःची लायब्ररी

एखादा जिवाणू वेगवेगळ्या फार्मवरून पुन्हा पुन्हा पिवळ्या गुणांनी येत असेल, आलेख दर वेळी सुरेख असेल, तर तो लायब्ररीत घालायची वेळ आली. आधी १६एस (जिवाणू ओळखायला वापरतात त्या) जनुकाचा क्रम काढून ओळख पक्की करा. जवळच्या प्रजातींत १६एस पुरत नसेल तर आरपीओबी या दुसऱ्या जनुकाचा. नाव पक्के झाल्याशिवाय काहीही आत घालू नका, कारण चुकीच्या नावाने घातलेला आलेख पुढे वर्षानुवर्षे हिरव्या रंगात चुकीचे उत्तर देत राहतो. मग अर्क काढून ८ स्पॉट लावायचे, प्रत्येक तीनदा वाचायचा, २४ आलेख मिळतात. एकमेकांवर ठेवून बघायचे, सरकलेले किंवा फिके वगळायचे, २० तरी चांगले उरले पाहिजेत. त्यांतून एक संदर्भ आलेख बनतो. एका वाणावर थांबू नका, वेगवेगळ्या फार्मवरचे काही वाण घाला.

यासाठी वाण जिवंत हवेत. अहवाल गेला की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये टाकण्याआधी शुद्ध वाढ २० टक्के ग्लिसरॉलच्या ब्रॉथमध्ये ढवळून दोन कुप्या उणे ८० अंशांवर ठेवा, दोन्ही एकाच रॅकमध्ये नको. कुपीवर नमुना क्रमांक, अवयव आणि तारीख, तीही न पुसणाऱ्या पेनने. प्रजातीचे नाव कुपीवर लिहू नका, ते वहीत लिहा. ते पुढे बदलू शकते.